ट्रॅक्टरवर कोण होतं?

"ट्रॅक्टरवर मशीनमालक स्वतः बसला होता," हे वाक्य मी वाचलं आणि काशिनाथभाऊ उठले. पाणी पिऊन येतो म्हणाले. भरलेला तांब्या त्यांच्या पुढ्यातच होता.

पिशोरच्या पुढच्या एका गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही बसलो होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्या खाली मंदाबाई मांडी घालून बसलेल्या. वय पस्तिशीचं असेल. डावा हात कोपराखाली नाही. दोन्ही हातांच्या बांगड्या त्यांनी उजव्या हातात चढवलेल्या. काशिनाथ हे त्यांचे मालक. माझ्याबरोबर इम्रान होता. आमच्या टीममध्ये कॅमेरा आणि माहितीचे तक्ते हे दोन्ही तोच सांभाळतो.

"वाचा की पुढं, ताई," मंदाबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी पुढे वाचत राहिले. इम्राननं मात्र कॅमेरा खाली ठेवला आणि तोही पाणी प्यायला बाहेर गेला.

छापायच्या आधी माणसाला त्याच्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवायचा, हा आमच्याकडचा नियम आहे. सगळीकडे तो पाळत नाहीत. बातमी त्याच दिवशी द्यायची असते, तिथे एवढी सवड कुणाला? आमचं काम वेगळं. त्याला इन-डेप्थ रिपोर्ट म्हणतात. एकच प्रश्न घ्यायचा आणि महिनोन्‌महिने त्याच्या मागे हात धुऊन लागायचं. नातेवाईकांना वाटतं मी दिवसभर लिहीत असते. मी दिवसभर बाकावर बसलेली असते. कधी कचेरीच्या, कधी दवाखान्याच्या, कधी एसटी स्टँडच्या.

या रिपोर्टची सुरुवात सिल्लोडच्या मार्केटमध्ये झाली. इम्रान मक्याच्या भावावर व्हिडिओ करायला गेला होता. तिथल्या चहाच्या टपरीवर त्याला एका हाताचा माणूस भेटला. पुढच्या फेरीत आणखी एक. मक्याच्या मळणी मशीनमध्ये हात गेला, असं दोघंही सांगत होते. जणू काही सर्दी झाली होती, अशा आवाजात.

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात येऊन तो मला म्हणाला, "मॅडम, मका काढनेका सीझन आया की उधर हाथ जाते. सबको मालूम है. लिखेला किधर भी नहीं."

आमचे संपादक देसले सर. चांगला माणूस, पण डेडलाइन म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं. ते म्हणाले, "दर सीझनला किती हात जातात, ते शोधा. आकडा आणा."

आकडा कुणाकडेच नव्हता. एका कचेरीत सांगितलं, हा कारखाना नाही, त्यामुळे आमच्याकडे येत नाही. दुसरीत सांगितलं, आम्ही पिकाचं बघतो, माणसाचं नाही. तिसरीत सांगितलं, तक्रारच आली नाही तर आम्ही काय नोंदवणार? आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच शब्द कानावर पडायचा. "बघतो." मला या शब्दाची इतकी चीड आली होती की इम्रान मुद्दाम मला त्यावरून चिडवायचा. चहा सांगितला की म्हणायचा, "बघतो, मॅडम."

मग आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. आकडा सोडला आणि माणसं शोधली. गावोगाव जायचं आणि विचारायचं, इथं कुणाचा हात गेलाय का? आरोग्य खात्याच्या आशाताई सांगायच्या, किराणा दुकानदार सांगायचे. अशा शोधात मंदाबाई भेटल्या.

वाचकांना ही मशीन कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मळणी मशीनला स्वतःचं इंजिन नसतं. ती ट्रॅक्टरला मागे जोडतात आणि ट्रॅक्टरच्याच जोरावर तिच्या आतले दाते फिरतात. वरच्या तोंडातून मक्याची कणसं टाकायची, एका बाजूनं दाणे पडतात, दुसऱ्या बाजूनं भुसकट उडतं. कणसं टाकायला बायकांची टोळी असते. भुसकटानं अंग खाजतं म्हणून बायका साडीवरून घरच्या माणसाचा जुना शर्ट घालतात, पूर्ण बाह्यांचा. मशीन थांबवायची तर ट्रॅक्टरवरचा लिव्हर खाली करावा लागतो. मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईच्या हाताशी काहीही नसतं.

मंदाबाईंच्या शर्टाची बाही आत ओढली गेली. बाहीमागोमाग हात गेला.

पहिल्या भेटीत त्यांनी हे सगळं शांतपणे सांगितलं होतं. "बाया वरडल्या," त्या म्हणाल्या होत्या. "पर मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू येतंय? एकीनं ट्रॅक्टरवर चढून काय बाय वढलं, तर मशीन आजूकच जोरात फिरली. कोणालाच बंद करता येत नव्हती, ताई. एवढी वर्सं आमी त्या मशीनीम्होरं उभ्या ऱ्हातो, पर ती बंद कशी करत्यात ते आमाला कोणी दावलंच नाय."

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला रिपोर्टचा कणाही सापडला. त्यानंतर प्रत्येक जखमी माणसाला आम्ही हाच प्रश्न विचारला. मशीन बंद कुणाला करता येत होती? उत्तर बहुतेक वेळा एकच येई. ट्रॅक्टरवाल्याला. बाकी कुणाला नाही.

ट्रॅक्टरवर कोण होतं, असं मी मंदाबाईंनाही विचारलं होतं. "मालक," त्या म्हणाल्या होत्या. मी वहीत "मशीनमालक" असं लिहिलं. पुढे दवाखान्यात नातेवाइकांनी 'घरी पडून जखम' असं सांगितलं, म्हणून तिथल्या कागदावर तेच आलं. पोलीस ठाण्यात कुणी गेलंच नाही. दवाखान्याचा खर्च मशीनमालकानं केला. मंदाबाई घरी आल्यावर त्यानं चार माणसं बोलावून त्यांना साडी-चोळी दिली. आमच्या भागात असं जेव्हा होतं तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. साडी घेतली, विषय मिटला.

ती साडी त्यांनी एकदाही नेसली नव्हती. पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली आणि परत घडी घालून ठेवली. एका हातानं घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मला शिकायचं हाय."

आमच्या कामात समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय छापता येत नाही. म्हणून मी मशीनमालकाला फोन केला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, म्या ट्रॅक्टरवर नव्हतो. त्यांनाच नीट इचारा." फोन ठेवला. असं तर सगळेच म्हणतात, असं म्हणून मी त्याचं वाक्य रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत टाकून दिलं. दुसरा साक्षीदार हवा म्हणून आम्ही टोळीतल्या बायकांकडे गेलो होतो. ट्रॅक्टरचं नाव काढलं की त्या पदर डोक्यावर घेऊन कामाला लागायच्या. मालकाच्या भीतीनं बोलत नसतील, असा माझा समज होता.

तर मी वाचत होते, आणि इम्रान दारातून म्हणाला, "मॅडम, जरा बाहर आव."

बाहेर काशिनाथभाऊ चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर बसले होते. धिप्पाड माणूस. दोन्ही हात गुडघ्यांत घालून रडत होते.

"ताई, ट्रॅक्टरवर म्याच व्हतो," ते म्हणाले.

मशीनमालकाचा ट्रॅक्टर सीझनमध्ये काशिनाथ चालवायचे. 'मालक' या एका शब्दावर मी किती पुढे निघून गेले होते, ते तेव्हा कळलं. पुढच्या शेतात ट्रॅक्टर जाईल का, रस्ता ओला आहे का, ते बघून ये, असा मशीनमालकाचा फोन आला. पोत्यावर मजुरी असते, मशीन थांबली की सगळ्यांचीच मजुरी थांबते. म्हणून चालू मशीन तशीच सोडून ते बांधावरून पलीकडे गेले.

"परत आलो तवा बाया बांधावर पळत येत व्हत्या. मला वाटलं साप निघाला." त्यांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "शर्टबी माझाच व्हता."

इम्राननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी हातातले कागद मिटले.

"दवाखान्याच्या गेटवरच मालक म्हणला," काशिनाथभाऊ सांगू लागले, "केस कर, माझी ना नाय. पर ट्रॅक्टरवर तू व्हतास. आत तूच जाशीन. मंग ही थोटी बाई आन् पोरगी कोण संभाळीन?"

आत आले तेव्हा मंदाबाई आहे तशाच बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

"सांगितलं का त्येंनी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला ठावंच व्हतं. त्येंच्या पोटात काय ऱ्हात नाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग बसली. देसले सर, इम्रान, मी, आणि फोनवर आमचे वकीलसाहेब. कायद्याच्या अंगानं रिपोर्ट तेच तपासतात.

"मालकावर केस नाही होऊ शकत?" मी विचारलं.

"होऊ शकते," वकीलसाहेब म्हणाले. "मशीन चालू असताना त्यानंच तिथून पाठवलं, हे सिद्ध करता आलं तर. पण निष्काळजीपणाचा गुन्हा पहिल्यांदा चालवणाऱ्यावर लागतो. तुमचा रिपोर्ट वाचून पोलिसांनी दखल घेतली, तर पहिलं नाव नवऱ्याचंच येईल. आणि त्यानं तुमच्यासमोर कबूल केलंय."

देसले सर केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. मंदाबाईंचा फोटो त्यांनी मोठा करून भिंतीवर लावला होता. उजव्या हातात बांगड्यांची रांग, डावी बाही मोकळी. तोच रिपोर्टचा पहिला फोटो असणार होता.

"नावं बदला," ते म्हणाले. "गावाचं नाव काढा. नवरा म्हणू नका, 'चालक' म्हणा."

"सर, त्या गावात एकाच बाईचा हात गेलाय. नाव बदलून काय होणार? फोटोचं काय?"

"फोटो काढू."

"पिशोरच्या बाजारात कुणीही सांगेल ही कोण ते."

"मग ट्रॅक्टरवर कोण होतं ते लिहूच नका. हात गेला, मशीन बंद करता येत नव्हती, एवढंच लिहा."

"मशीन का बंद करता आली नाही, हाच तर आपला रिपोर्ट आहे. बाकी सगळ्यांना विचारायचं आणि हिला नाही? आणि मालक म्हणाला होता की तो ट्रॅक्टरवर नव्हता. ते खरं निघालं. आता मोघम लिहिलं तर वाचणारा त्यालाच तिथे बसवणार."

"मॅडम, तुम्ही मला अडचणीच सांगताय. मार्ग सांगा."

मार्ग नव्हता, म्हणून तर आवाज चढला होता. इम्रान खुर्ची पुढे ओढून बसला. तो म्हणाला, "सर, बाकी लोगों को भी फिरसे पूछना पडेगा. ट्रॅक्टरपे कौन था."

ते आम्ही केलं. ज्यांच्याकडे आधी जाऊन आलो होतो त्या घरांत परत गेलो. काही ठिकाणी दारं लावून घेतली गेली. काही ठिकाणी सरळ बोलले. एकाचा चुलतभाऊ होता ट्रॅक्टरवर. एकीचा दीर होता. सिल्लोडजवळच्या एका म्हाताऱ्या आईनं स्वतःचा तळवा दाखवला, त्याला दोन बोटं नव्हती. म्हणाली, "माझंच लेकरू व्हतं वर. त्येला जेलात घालू का?"

आता सगळं उमगलं. तक्रार का येत नाही, कागदावर 'घरी पडून' का येतं, टोळीतल्या बायका कुणाला जपत होत्या, सगळं. मशीन एकाची, पण ती चालवायला जखमी होणाऱ्याच्याच घरातला माणूस बसवलेला. तोंड बंद ठेवायला मशीनमालकाला फारसं काही करावं लागत नाही. ते काम घरातली माया करते. एवढ्या महिन्यांच्या तंगडतोडीतून हाती लागलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. आणि नाव घालून ती सांगू शकेल असं एकही घर नव्हतं.

देसले सर म्हणाले, "शेवटचा निर्णय बाईंचा. जाऊन सगळं समजावून सांगा. आडपडदा नको."

मी आणि इम्रान परत गेलो. मंदाबाईंना मी सगळं स्पष्ट सांगितलं. छापलं तर काय होऊ शकतं, नाही छापलं तर काय होईल. काशिनाथभाऊ दाराशी उभे होते. त्यांची शाळेत जाणारी मुलगी कोपऱ्यात दप्तर आवरायचं नाटक करत ऐकत होती.

"छापा, ताई," काशिनाथभाऊ म्हणाले. "म्या जातो आत. एवढं वझं नाय सहन व्हत आता."

"तुमी गप बसा," मंदाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, माझं एकटीचं लिवता यील का? हात गेला, एवढंच. कसा गेला ते नका लिवू."

"मंदाबाई, कसा गेला ते टाळून लिहिलं तर ते अर्धं खोटं होईल. उद्या कुणी बोट ठेवलं, तर बाकी सगळ्यांचं खरंही खोटं ठरेल."

त्या बराच वेळ बांगड्या मागे-पुढे करत राहिल्या. एकाच हातात असल्यानं हनुवटीनं सरकवत होत्या.

"कामाला ह्येच जात्यात," त्या म्हणाल्या. "पोरगीला शिकवायचं हाय. मला भाकर थापता येत नाय आता, तर सकाळच्या पारी उठून ह्येच थापत्यात. आन् त्येंनाच आत घालू?" मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नका लिवू माझं."

"नक्की?"

"व्हय."

मुलीनं दप्तर खाली टाकलं आणि ती बाहेर निघून गेली. ती कुणावर रागावली होती, आईवर की माझ्यावर, ते मला आजही माहीत नाही.

मंदाबाई रिपोर्टमधून निघाल्या. त्यांचा भाग, त्यांचा फोटो, सगळं. त्यांच्या जागी ट्रॅक्टरवर परका माणूस असलेली एक केस आली. खरी होती, सगळ्या कसोट्यांवर उतरलेली होती. मशीन चालवणारे बहुतेकदा घरातलेच असतात, हे आम्ही एका वाक्यात लिहिलं. उदाहरणाशिवाय ते वाक्य लंगडंच वाटत होतं. पहिला फोटो म्हणून शेतात उभी असलेली रिकामी मळणी मशीन गेली.

रिपोर्ट चालला. बऱ्याच लोकांनी वाचला, पुढे पाठवला. मला भाषणाला बोलावलं. एका कचेरीत बैठक झाली आणि मळणी मशीनवर चिकटवायला स्टिकर छापून घ्यायचं ठरलं. मशीन बंद कशी करायची त्याचं चित्र त्यावर होतं. पुढच्या सीझनला त्या बाजूला गेलो तेव्हा इम्राननं एक स्टिकर शोधून मला दाखवलं. ते ट्रॅक्टरवर लावलेलं होतं, ड्रायव्हरच्या सीटसमोर. ज्याला मशीन बंद करता येते, फक्त त्यालाच दिसेल असं. आम्ही दोघं हसलो. हसायला नको होतं, पण दुसरं काय करणार?

देसले सर अधूनमधून विचारतात, त्या रिपोर्टमधून काय शिकलो? मी त्यांना कामाचं उत्तर देते. ट्रॅक्टरवर कोण होतं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आणि मालक म्हणजे कोणता मालक, तेही. नवीन येणाऱ्यांनाही मी तेच शिकवते. दुसरं एक शिकले, ते मीटिंगमध्ये सांगत नाही. रिपोर्ट बरोबर असतो आणि तरी अपुरा असतो. पगार मला बरोबर असण्याचा मिळतो.

रिपोर्ट आल्यानंतर काही दिवसांनी मंदाबाईंचा फोन आला होता. मुलीच्या मोबाइलवरून.

"ताई, पोरीनं सगळं वाचून दावलं मला. लई चांगलं लिवलंय. आमचं नाव नाय घेतलं, ते बरं केलं."

"बऱ्या आहात ना?"

"हाय की." मागे कुणीतरी भाकरी थापत होतं, तो आवाज फोनमधून येत होता. "एक इचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"दवाखान्यात लिवलंय, घरी पडले. ठाण्यात तर कायबी लिवलं नाय. तुमच्यातबी माझं नाय, मशीनचा फोटू आलाय. मंग ताई, माझा हात गेला त्ये कुठं लिवलंय?"

टेबलावर माझा चहा निवत होता. समोर बसलेला इम्रान माझ्याकडे पाहत होता.

"बघते, मंदाबाई," मी म्हणाले.

इम्राननं मान खाली घातली. या खेपेला तो हसला नाही.